गोपाळबाबा वलंगकर : हवालदार, अर्जदार आणि महाडच्या लोकल बोर्डाचे सभासद

१.
साल १८९५. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर सरकारने एका निवृत्त हवालदाराची नेमणूक केली. गृहस्थ वयाने पंचावन्नच्या आसपास, लिहिते-वाचते, लष्कराचे पेन्शनर, वृत्तपत्रांतून नावारूपाला आलेले. तरीही ही नेमणूक उच्चवर्णीयांना रुचली नाही आणि तिच्यावरून वृत्तपत्रांत वाद झडला. आक्षेप त्यांच्या जन्माला होता. ते महार होते. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

२.
मित्रहो, महाडचे नाव घेतले की आपल्याला १९२७ आठवते. चवदार तळे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ओंजळीने प्यालेले ते पाणी. पण त्याआधी बत्तीस वर्षे, याच तालुक्यात, एक अस्पृश्य मनुष्य सार्वजनिक कारभाराच्या बैठकीत सभासद म्हणून नेमला गेला होता. आजचा हा धागा त्या मनुष्याविषयी आहे. सोबत एक प्रश्नही आहे, जो इतिहासावरच्या आपल्या वादांत वारंवार डोकावतो : परकीय सरकारची चाकरी केलेल्या, त्याचेच पेन्शन घेणाऱ्या आणि त्यानेच नेमलेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे?

३.
आधी भूगोल. सावित्रीच्या काठचे महाड हे जुने व्यापारी बंदर. खाडीतून आलेला माल येथे उतरे आणि घाटवाटांनी देशावर चढे. वरंध घाट भोरकडे जातो. पोलादपूरवरून निघणारी वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठते. दक्षिणेस कशेडी घाट ओलांडला की खेड आणि पुढे दापोली. पोलादपूरचा मुलूख त्या काळी महाड तालुक्यातच मोडत असे. या वाटांवरून मिठाची, तांदळाची आणि कापडाची ओझी गेली, फौजा गेल्या आणि फौजेत नाव घालायला निघालेली तरुण पोरेही गेली. महाडजवळच्या रावढळ गावी १८४०च्या सुमारास गोपाळबाबांचा जन्म झाला.

४.
त्यांच्या जन्माआधी जेमतेम वीस-बावीस वर्षे या भागाने सत्तांतर पाहिले होते. मे १८१८मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती पडला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी कोरेगावची लढाई झाली होती. तेथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत, आणि हा प्रत्यय महार शिपायांच्या नावांचा. कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती होत होती, याची ही दगडात कोरलेली नोंद. या फौजेत त्यांचे स्थान काय होते, ही गोष्ट गोपाळबाबांचे पुढचे आयुष्य समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

५.
गावगाड्यात महाराचे काम ठरलेले होते. वेस राखणे, सरकारी निरोप पोहोचवणे, सारा घेऊन जाणाऱ्याची सोबत करणे, शिवेच्या वादात साक्ष देणे, मेलेली जनावरे ओढणे. मोबदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. ही चाकरी पिढीजात होती. तिच्यात बढती नव्हती आणि तिला निवृत्तीही नव्हती. फौजेत मात्र त्याच माणसाला गणवेश मिळे, ठरलेला पगार मिळे, कामगिरीनुसार हुद्दा मिळे आणि शेवटी पेन्शन मिळे. गावात ज्याला नावापुढे जात लावून हाक मारीत, त्याला पलटणीत हवालदार म्हणत. गोपाळबाबा त्याच हुद्द्यापर्यंत पोहोचले.

६.
पगार आणि हुद्द्याइतकीच फौजेने दिलेली आणखी एक गोष्ट मोलाची होती, ती म्हणजे अक्षरे. पलटणींच्या शाळांत शिपाई आणि त्यांची मुले शिकत. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढता येत नव्हती, त्यांना छावणीत वाचायला, लिहायला, हिशेब करायला मिळाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते आणि पुढे मुख्याध्यापकही झाले. एका अख्ख्या पिढीच्या हाती बंदुकीबरोबर लेखणी आली. बंदूक सेवा संपल्यावर परत करावी लागे. लेखणी मात्र घरी नेता येत असे.

७.
१८८६मध्ये गोपाळबाबा सेवानिवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. दापोली का? इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी येथे लष्करी ठाणे वसवले होते. आजही लोक त्या गावाला ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. ठाण्याचे महत्त्व ओसरल्यावरही पेन्शनरांची वस्ती तेथे टिकून राहिली. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ येथेच होते. म्हणजे कोकणच्या एका लहानशा गावात, एकमेकांच्या शेजारी, लिहिता-वाचता येणाऱ्या, जग पाहिलेल्या, दरमहा रोख रक्कम हाती येणाऱ्या महार कुटुंबांचा एक समूह तयार झाला होता. वतनावर जगणाऱ्याला जे बोलण्याची सोय नव्हती, ते बोलण्याची मोकळीक या पेन्शनने दिली. पाटलाने बलुते अडवले तरी पेन्शन अडत नव्हते.

८.
याच काळात गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. ‘गुलामगिरी’ हे जोतीरावांचे पुस्तक १८७३चे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीरावांची मांडणी थोडक्यात अशी : बाहेरून आलेल्या आर्यांनी येथल्या मूळ रहिवाशांना जिंकले, आणि ती जीत कायम राहावी म्हणून धर्माच्या नावाने जातिभेदाची रचना केली. ही मांडणी गोपाळबाबांनी आपल्या समाजाच्या अनुभवावर ताडून पाहिली आणि स्वीकारली. फुल्यांची चळवळ आणि पुढची आंबेडकरी चळवळ यांना जोडणारा दुवा म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते याच अर्थाने.

९.
त्यांनी संस्था काढली, तिचे नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. ‘अनार्य’ या शब्दाचा स्वीकार म्हणजे, आम्ही येथले आधीचे आहोत, असा दावा. ‘दोष परिहार’ म्हणजे लादलेला कलंक धुऊन काढणे. मंडळीचे काम दुहेरी होते : एकीकडे सरकारकडे आणि सवर्ण समाजाकडे मागण्या करणे, दुसरीकडे स्वतःच्या समाजातील हानिकारक चाली सोडण्याचा आग्रह धरणे. लोकांना कळावे, त्यांच्या ओठांवर राहावे म्हणून त्यांनी मराठीत पद्यरचनाही केल्या. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचे पत्र, तर ‘सुधारक’ आगरकरांनी १८८८मध्ये सुरू केलेले. एक निवृत्त महार हवालदार या दोन्ही पत्रांत लिहितो, ही घटना त्या काळात साधी नव्हती.

१०.
१८८८च्या सुमाराचे त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ हे लेखन सर्वांत गाजले. त्याचा गाभा २६ प्रश्नांचा आहे. विटाळ म्हणजे नेमके काय, तो आला कोठून, शास्त्रांत त्याला आधार कोणता आणि माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो हे कोणत्या न्यायाने, अशा दिशेने ही विचारणा जाते. याचना केली तर समोरचा दया दाखवतो किंवा पाठ फिरवतो. प्रश्न विचारला तर त्याला उत्तर तरी द्यावे लागते, नाही तर आपल्यापाशी उत्तर नाही हे दाखवून द्यावे लागते. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांनी स्वतःकडे ठेवला होता, त्यांनाच शास्त्राचा दाखला मागणारा हा मनुष्य होता.

११.
येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आर्य-अनार्य वंशांविषयी गोपाळबाबांची जी विधाने आहेत, ती आजच्या इतिहाससंशोधनाच्या कसोटीवर जशीच्या तशी टिकणारी नाहीत. चित्पावनांचे किंवा मराठ्यांचे मूळ त्यांनी दूरदेशी लावलेले आहे, तेही तसेच. परंतु एकोणिसाव्या शतकात वंशाची ही भाषा सगळेच बोलत होते. इंग्रज अधिकारी बोलत, टिळकांसारखे विद्वान आर्यांच्या मूलस्थानावर ग्रंथ लिहीत. ज्या सिद्धान्ताने काहींनी आपले श्रेष्ठत्व सिद्ध केले, तोच उलटा फिरवून गोपाळबाबांनी विचारले की, पाहुणा कोण आणि घरधनी कोण? त्या मांडणीचे महत्त्व वंशशास्त्रात शोधू नये. ते या प्रश्नात आहे.

१२.
आता शाळेकडे वळू. १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला मान्यता दिली. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील, ही भीती. पुढे विलायतेतून धोरण ठरले की, सरकारी शाळेत जातीच्या कारणाने कुणाला अडवू नये. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात अस्पृश्य मुलांना व्हरांड्यात बसवण्याची पद्धत रूढ झाली. मूल शाळेत आहे, असे अहवालात लिहिता येते. आणि ते वर्गात नाही, म्हणून गावही शांत राहते.

१३.
१८९०च्या दशकाच्या आरंभी हाच प्रश्न दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत उभा राहिला. महार पेन्शनरांनी आपल्या मुलांसाठी अर्ज केले. ज्यांनी पलटणीत हुद्दे भूषवले, त्यांची मुले व्हरांड्यात का बसावीत? या लढ्यात मला एक तपशील फार बोलका वाटतो. अर्ज करणारे हे सगळे लोक सरकारी पद्धत जाणणारे होते. कोणत्या अधिकाऱ्याकडे लिहावे, नकार आल्यास त्याच्या वर कोण, कोणत्या ठरावाचा हवाला द्यावा, हे ते छावणीत शिकले होते. सरकारने त्यांना शिस्त शिकवली होती; ती शिस्त आता सरकारच्याच टेबलावर अर्जाच्या रूपाने येऊन पडत होती.

१४.
आणि नेमक्या याच वर्षांत पायाखालची जमीन सरकली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांच्या काळात ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त बळावला : पंजाबी, पठाण, गुरखे हे जन्माने लढवय्ये, इतर नव्हेत. पलटणी जातवार करण्याची नवी व्यवस्था आली आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही लढाऊ नाही’ असे सांगण्यात आले. भरती थांबणे म्हणजे केवळ नोकरी जाणे नव्हते. पगार, शाळा, पेन्शन, गावगाड्याबाहेर पडायची वाट, हे सगळे एकाच हुकुमाने बंद झाले.

१५.
१८९४मध्ये अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने गोपाळबाबांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. महारांनी केलेल्या लष्करी सेवेची आठवण त्यात दिली. आपण मूळचे क्षात्रवृत्तीचे लोक आहोत, असे प्रतिपादन केले. आणि भरती पुन्हा सुरू करावी, अशी मागणी केली. अर्जाची भाषा राजनिष्ठेची आहे. आजच्या वाचकाला ती खटकते. परंतु अर्ज हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याचे म्हणून काही नियम असतात. त्या काळचा प्रत्येक अर्जदार, मग तो संस्थानिक असो, काँग्रेसचा पुढारी असो वा खोत असो, मायबाप सरकारचा जयजयकार करूनच मागणीवर येई. पाहायचे ते हे की, जयजयकारानंतरच्या वाक्यात काय मागितले आहे.

१६.
हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हता. तुलनेसाठी पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांकडे पाहू. तेही ब्रिटिश साम्राज्याचाच भाग होते. ‘विटाळ विध्वंसन’च्या काळातच, १८८८मध्ये, तेथे रातू लाला सुकुना यांचा जन्म झाला. ‘रातू’ ही तेथल्या सरदारकुळाची पदवी. सुकुना ऑक्सफर्डला शिकायला गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश फौजेने या फिजीच्या सरदारपुत्राला घेतले नाही. म्हणून ते फ्रान्सच्या परकीय सैनिकांच्या दलात दाखल झाले, जखमी झाले आणि फ्रान्सचे शौर्यपदक घेऊन आले. नंतर त्याच ब्रिटिश सरकारच्या सेवेत राहून त्यांनी फिजीयन लोकांच्या जमिनींची व्यवस्था लावली. १९५४मध्ये ते तेथल्या विधिमंडळाचे सभापती झाले.

१७.
साम्य उघड आहे. कोण लढवय्या, हे साम्राज्य ठरवी. आणि ज्याला नाकारले, त्यालाच पुढे कारभारात सोबत घेई. पण फरक त्याहून महत्त्वाचा आहे. सुकुना सरदार होते. त्यांच्या पाठीशी कुळ होते, जमीन होती, स्वतःच्या समाजाची मान्यता होती. इंग्रजांना फिजीवर राज्य करण्यासाठी अशा सरदारांची गरज होती. महाडच्या हवालदारापाशी यातले काही नव्हते. त्यांना सरकारची गरज होती, सरकारला त्यांची फारशी नव्हती. म्हणून सुकुनांच्या वाट्याला अधिकार आला आणि गोपाळबाबांच्या वाट्याला एक खुर्ची. त्या खुर्चीलाही शेजाऱ्यांनी हरकत घेतली.

१८.
मग या खुर्चीत असे होते तरी काय? लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली आणि मुंबई इलाख्यात १८८४च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे उभी राहिली. काही सभासद निवडून येत, काही सरकार नेमी. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि करभरणा यांवर अवलंबून होता. अस्पृश्यांपाशी हे दोन्ही नसल्याने निवडणुकीच्या वाटेने त्यांचा प्रवेश अशक्यप्राय होता. गोपाळबाबा आले ते नेमणुकीच्या वाटेने. निवडणुकीतून आलेला सभासद मतदारांच्या बळावर बोलतो. नेमलेल्याला सरकारची मर्जी सांभाळावी लागते, आणि शेजारचे सभासद त्याला कधीच आपल्यातला मानत नाहीत.

१९.
पण बोर्डाचे काम पाहा : रस्ते, विहिरी, तळी, धर्मशाळा, प्राथमिक शाळा, दवाखाने. खर्च चाले तो मुख्यतः जमीनसाऱ्यावरच्या लोकल फंडाच्या पट्टीतून, म्हणजे रुपयामागे एक आण्यातून. सार्वजनिक पैशाने बांधलेली विहीर सार्वजनिक असते की गावातल्या काही जातींची? व्हरांडा हा शाळेचा भाग आहे की शाळेबाहेरचा? हे प्रश्न ज्या टेबलावर निघायचे, त्या टेबलाभोवती ज्यांना विहिरीवर येण्याची मनाई आहे त्यांच्यापैकी एकजण बसणार, हीच मोठी अडचण होती. सतरंजी, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सभेची जागा, सगळ्यांनाच विटाळाचा नियम लागू होता. आणि सात वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी त्या नियमावर २६ प्रश्न विचारून ठेवले होते.

२०.
१९००मध्ये गोपाळबाबा वारले. हिशेब मांडायचा तर जमेच्या बाजूला फार काही दिसत नाही. भरती पुन्हा सुरू झाली नव्हती. शाळेचा व्हरांडा रिकामा झाला नव्हता. बोर्डावरच्या एका नेमणुकीने विहिरी खुल्या झाल्या नव्हत्या. यशापयशाच्या एवढ्याच मापाने पाहिले तर हे आयुष्य एका तळटीपेत मावेल. कदाचित म्हणूनच ते इतकी वर्षे तळटीपेत राहिले. परंतु काही कामांचा हिशेब पुढच्या पिढीच्या वहीत सापडतो. तो पाहू.

२१.
अर्जाचे काम थांबले नाही. १९०३मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावच्या महारांची सभा भरवली आणि नोकऱ्यांची मागणी पुढे रेटली. १९१०मध्ये त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागताच ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त सैल झाला. १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरल्यावर मोडीतही काढली गेली. १९४१मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे. गोपाळबाबांनी जे दार ठोठावले होते, ते उघडायला दोन महायुद्धे लागली.

२२.
घरचा धागाही पाहण्याजोगा आहे. दापोलीजवळच्या वणंद गावचे भिकू धुत्रे यांच्या घराण्याला वलंगकर म्हणूनही ओळखत. त्यांची कन्या रमाबाई हिचा विवाह १९०६च्या सुमारास भीमराव आंबेडकरांशी झाला. गोपाळबाबा याच नात्यातले. पेन्शनरांची दापोली, लष्करी शाळेतले शिक्षक रामजी, वलंगकरांचे लेखन आणि रमाबाईंचे माहेर, हे सगळे एकाच लहान टापूत होते. महाडजवळच्या लाडवलीत १९०३मध्ये जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांची वाटही याच पठडीतली. महाडच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या लहान मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि प्रवेश मिळवला. लेखी विचारणा करायची सवय आता या मातीत रुजली होती.

२३.
४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ५ जानेवारी १९२४ला महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे जो प्रश्न १८९५मध्ये बोर्डाच्या खुर्चीभोवती घोटाळत होता, त्याला कागदावर उत्तर मिळाले. तळ्यावर मात्र कुणी फिरकू शकले नाही. अखेर १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला परिषद भरली. तिच्या जुळवाजुळवीत रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस पुढे होते.

२४.
त्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची दापोली आठवली आणि लष्करभरती बंद झाल्याने या भागातील अस्पृश्य समाजाची कशी पीछेहाट झाली, ते सांगितले. २० मार्चला मोर्चा तळ्याकडे गेला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. इतरांना तळ्यापासून दूर ठेवण्याची पुरातन वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आली नाही. दाखला दाखवा, एवढीच न्यायालयाची मागणी होती. ‘विटाळ विध्वंसन’ वाचलेल्याला ती ओळखीची वाटेल.

२५.
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. गोपाळबाबांविषयी दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक : ते इंग्रजांचे नोकर, म्हणून त्यांचे लेखन म्हणजे सरकारची भलामण. दुसरे : इंग्रज आले म्हणून अस्पृश्यांना अक्षर मिळाले, तेव्हा श्रेय इंग्रजांचे. १८९०चे दशक या दोहोंना पुरे पडत नाही. ज्या सरकारने शाळा दिली, त्यानेच धारवाडच्या मुलाचा प्रवेश अडवला होता. ज्याने पेन्शन दिले, त्यानेच भरती बंद केली. आणि भरती बंद केल्याच्या दोन-तीन वर्षांतच त्याने गोपाळबाबांना बोर्डावर नेमले. सरकार आपल्या सोयीने चालत होते. गोपाळबाबांनी त्या सोयीतून जेवढे काढता येईल तेवढे आपल्या लोकांसाठी काढले, आणि जेथे सरकार फिरले तेथे त्यालाही अर्जाने जाब विचारला.

२६.
पोलादपूरहून महाडला येणारा महामार्ग सावित्रीच्या खोऱ्यातून उतरतो. रायगडाला जाणारे पुष्कळजण या वाटेने जातात, चवदार तळ्यावरही थांबतात. पुढच्या वेळी गेलात तर रावढळचे नाव लक्षात ठेवा. तेथल्या एका मुलाने पलटणीत अक्षरे गिरवली, दापोलीच्या घरात बसून विटाळाचा दाखला मागितला, आणि उतारवयात महाडच्या बोर्डावर सभासद म्हणून नाव लागले तेव्हा ते नाकारले नाही. आपल्याला तेथे बसू द्यायला कुणी राजी नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. बत्तीस वर्षांनी त्याच गावात हजारो लोक तळ्याची पायरी उतरले.

धागा येथे पुरा होतो. पुढच्या धाग्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याविषयी.